एसीवरचा कॅशबॅक प्रीपेड कार्डात आला. कार्ड संपवायचं कसं आणि अडलेला दावा सोडवायचा कसा?

नंदनवनकर

मंडळी, उन्हाळ्याच्या तोंडावर नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानातून दीड टनाचे दोन स्प्लिट एसी घेतले. जाहिरातीत 'प्रत्येक एसीवर ३,००० रु. कॅशबॅक' असं ठसठशीत छापलं होतं. दुकानदार म्हणाला, 'पैसे येऊन जातील.' मी समजलो खात्यात येतील. आले ते प्रीपेड कार्डात, आणि तेही एकाच एसीचे. दुसऱ्याचा दावा 'सिरियल नंबर जुळत नाही' एवढ्या एका ओळीत परत पाठवला.

कार्ड प्लास्टिकचं नाही. एसएमएसमधली लिंक उघडली की १६ आकडी नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही दिसतो. किराण्यात बरंचसं वापरलं, आता ३४२ रु. ६० पैसे शिल्लक आहेत. यूपीआय अ‍ॅपमध्ये जोडायला गेलो तर घेत नाही. वॉलेटमध्ये टाकायला गेलो तर व्यवहार नाकारला. खरेदीच्या साइटवर ३९९ ची वस्तू घेताना उरलेले ५६ रुपये दुसरीकडून भरायची सोयच नाही.

विचारायचं ते असं: हे पैसे बँकेत वळवता येतात का? मुदत संपली की बुडतात का? आणि दुसऱ्या एसीच्या दाव्यासाठी कोणाचं दार ठोठवायचं? दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी कार्डवाल्यांकडे, आणि कार्डवाले म्हणतात आम्ही फक्त कार्ड देतो.

---

काउंटरपलीकडून

दाव्याचं आधी घ्या, कारण त्याला मुदत असते. कार्ड कुठे पळून जात नाही.

स्प्लिट एसी म्हणजे दोन खोकी, दोन युनिट आणि दोन वेगळे सिरियल नंबर. आत लावतात त्याचा एक, बाहेरच्याचा दुसरा. फॉर्ममध्ये नुसतं 'सिरियल नंबर' लिहिलेलं असतं आणि कंपनीला बहुधा इनडोअरचा हवा असतो. बिलावर मात्र काउंटरच्या माणसाने हाताला लागलेलं खोकं स्कॅन केलेलं असतं. तुमच्याकडे तर दोन सेट, म्हणजे चार नंबर. बसवणाऱ्याने पहिल्या सेटचं इनडोअर दुसऱ्या सेटच्या आउटडोअरला जोडलं असेल तरी एसी थंड हवा देतो, पण कंपनीच्या नोंदीत जोडी फुटते.

नागपुरात आणखी एक भानगड असते. बिल बर्डीवर फाटतं आणि माल वाडीच्या गोडाऊनमधून निघतो. सीझनमध्ये टेम्पोत चढवणारा त्याच मॉडेलचं वरचं खोकं उचलतो, बिलातल्या नंबरचं शोधत बसत नाही. म्हणजे बिलावर एक नंबर आणि तुमच्या भिंतीवर दुसराच.

तेव्हा चारही स्टिकरचे फोटो काढा, चारही कोपरे दिसतील असे. नंबर हाताने टाईप करू नका, बारकोड स्कॅन करा. शून्य आणि इंग्रजी 'ओ', आठ आणि 'बी' यांची गल्लत झाली की संगणक सरळ नाकारतो, पलीकडे माणूस बसलेलाच नसतो. मग ते चार नंबर बिलाशी ताडून बघा.

बिलावरचाच नंबर चुकला असेल तर दुकानदाराला नवीन बिल मागू नका. ही चूक फार होते. तो जुनं बिल रद्द करून आजच्या तारखेचं फाडून देतो, आणि आजची तारीख योजनेच्या बाहेर गेलेली असते. दावा तिथेच मेला. त्याऐवजी दुकानाच्या लेटरहेडवर घ्या: अमुक बिल क्रमांक, अमुक तारीख, त्यात नजरचुकीने हा सिरियल नंबर पडला, प्रत्यक्ष दिलेला हा आहे. सही आणि शिक्का. मूळ बिल, हे पत्र आणि स्टिकरचे फोटो एकाच पीडीएफमध्ये करून जुन्याच दाव्याच्या क्रमांकावर पाठवा. नवा दावा टाकलात तर 'दुबार' म्हणून तोही अडकेल.

दावे इतर कारणांनीही परत येतात. मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर वेगळं (योजना गेल्या वर्षीच्या मॉडेलवर, हातात यंदाचं), बिलावर एकाचा मोबाईल नंबर आणि फॉर्ममध्ये दुसऱ्याचा, किंवा बिल दुकानाच्या वा फर्मच्या जीएसटी नंबरवर घेतलेलं. बऱ्याच योजनांत धंद्याच्या नावाचं बिल चालत नाही. आणि मुदत मोजतात ती सहसा बिलाच्या तारखेपासून. बसवणारा पंधरा दिवसांनी आला, तरी ते पंधरा दिवस तुमचेच गेले.

---

स्वाइप_मास्तर

३४२.६० साठी ऑनलाइन डोकं लावू नका. दुकानात संपवा.

आधी हे का अडतं ते सांगतो. आपल्याकडे कार्डावर ३४२.६० असताना ३४३ चा व्यवहार टाकला की आहे तेवढे कापून घेतले जात नाहीत, पूर्ण व्यवहार नाकारला जातो. ऑनलाइन साइटवर वरून 'कन्व्हिनियन्स फी' लागते, ती शेवटच्या पानावर दिसते आणि बरोबर बसवलेली रक्कम दोन-चार रुपयांनी वर जाते. लोकांना वाटतं कार्ड बंद पडलं. म्हणून पहिली गोष्ट, लिंकमध्ये जाऊन शिल्लक पैशापर्यंत बघा.

वॉलेटने नाकारलं तो बिघाड नव्हे. ही कार्डं बहुतेक 'गिफ्ट' प्रकारातली असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमात त्यांना १०,००० रु. ची कमाल मर्यादा आहे, पुन्हा भरता येत नाहीत, रोख काढता येत नाही आणि पैसे दुसरीकडे वळवताही येत नाहीत. वॉलेट भरणं म्हणजे वळवणंच. यूपीआयशी जोडणंही गिफ्ट कार्डांना सक्तीचं नाही, देणाऱ्याची मर्जी. तेव्हा दहा अ‍ॅप बदलून बघण्यात अर्थ नाही.

आता दुकानात. प्लास्टिक नसलेलं कार्ड मशीनवर स्वाइप होत नाही, हे उघड आहे. पण काही कार्डं फोनच्या टॅप-पेमध्ये जोडता येतात, किंवा देणाऱ्याच्या पानावर प्लास्टिक कार्ड मागवायची सोय असते (त्याचे पैसे लागतात का ते आधी वाचा, ३४२ साठी शंभर घालवू नका). तुम्ही किराणा एखाद्या अ‍ॅपवरून घेतला असेल तर तेच अ‍ॅप उरलेल्या रकमेला धरा.

प्लास्टिक असेल त्यांनी बिल बनवण्याआधीच कॅशियरला सांगायचं: 'कार्डावर ३४२ रुपये ६० पैसे, बाकीचे यूपीआयने.' मशीनमध्ये रुपयांपुढे ६० पैसेही टाकता येतात. मोठ्या सुपरमार्केटमध्ये बिलाची रक्कम संगणकातून थेट मशीनवर जाते, तिथे कॅशियरला 'स्प्लिट पेमेंट' निवडावं लागतं. नवीन मुलगा असेल तर म्हणेल होत नाही, सुपरवायझरला बोलवा. छोट्या दुकानात दोन बिलं करून मागा, विषय संपला. क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी कार्ड, मग यूपीआय. उलटं केलं आणि कार्ड नाकारलं गेलं तर अर्धं बिल भरून लटकता.

ऑनलाइनच हवं असेल तर जिथे रक्कम आपण स्वतः टाकतो अशी जागा शोधा. अंशतः रक्कम स्वीकारणारं एखादं बिल, असं काहीतरी. मोबाईल रिचार्जचे प्लॅन ठरलेले असतात, २९९ चा मारला तर ४३.६० उरतात आणि तो चिल्लर हिशेब पुन्हा मागे लागतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. शिल्लक शून्य झाली म्हणून ती लिंक लगेच उडवू नका. त्या कार्डाने घेतलेली वस्तू परत केली किंवा ऑर्डर रद्द झाली तर पैसे त्याच कार्डावर परत येतात, तुमच्या खात्यात नाही. परत करायची मुदत उलटेपर्यंत लिंक आणि तो मोबाईल नंबर दोन्ही जपा. ओटीपी त्याच नंबरवर येतो, नंबर बदलला की गेलं.

आणि पैसे कापले गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत असं झालं तर? कार्डाच्या खरेदीत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. पुढे दर दिवसाचे १०० रु. भरपाई म्हणून द्यावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. प्रीपेड कार्डालाही लागू आहे.

---

नंदनवनकर

काउंटरभाऊ, घरात लावलेल्या दोन्ही इनडोअरचे स्टिकर बघितले. एक बिलाशी जुळतो, दुसरा नाही. गोडाऊनचंच प्रकरण दिसतंय. पत्र घेतो.

कार्डाच्या मुदतीबद्दल अजून कोणी बोललं नाही. कार्डावर पुढच्या वर्षाची तारीख आहे. तोवर संपलं नाही तर?

---

सिव्हिल_लाइन्स_वकील

तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची दारं वेगळी आहेत. त्या एकत्र केल्या की दोन्हीकडून परत याल.

पहिलं दार कार्डाचं. लिंकच्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात 'हे कार्ड अमुकने जारी केलं आहे' असं असतं. एसी कंपनीचं नाव मोठं आणि जारी करणाऱ्याचं मुंगीएवढं. ते नाव एखाद्या बँकेचं किंवा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या प्रीपेड परवानाधारकांच्या यादीतलं असेल, तर ते कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतं. दुकानाने किंवा ब्रँडने स्वतःच काढलेलं, फक्त त्यांच्याकडेच चालणारं व्हाउचर असेल तर येत नाही. पुढचं सगळं या एका ओळीवर ठरतं, म्हणून तिचा स्क्रीनशॉट आजच घ्या.

परवानाधारकाचं कार्ड असेल तर २७ ऑगस्ट २०२१ चे प्रीपेड साधनांविषयीचे निर्देश लागू. त्यात पैसे भरल्यापासून किमान एक वर्षाची मुदत द्यावीच लागते. हे वर्ष तुम्ही लिंक उघडल्यापासूनचं नाही, भरणा झाल्यापासूनचं आहे. लिंक तीन महिने एसएमएसच्या ढिगात पडून राहिली तर ते तीन महिने गेले. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत त्यांनी तुम्हाला सूचना द्यायची असते.

मुदत संपल्यावर काय होतं ते मजेशीर आहे. कार्ड जिवंत असताना गिफ्ट प्रकारातले पैसे तुमच्या बँकेत जात नाहीत. 'मूळ खात्यात परत' ही एक वाट आहे, पण मूळ खातं म्हणजे ज्यातून कार्ड भरलं ते, अर्थात कंपनीचं. कोणी फोनवर 'परत करून देऊ का' विचारलं तर हो म्हणू नका. मुदत संपली, की मात्र उरलेल्या रकमेचा परतावा मागता येतो आणि तो बँक खात्यात द्यायचा असतो. बँकेतर कंपनीला ही रक्कम मुदत संपल्यापासून तीन वर्षं तरी स्वतःच्या नफ्यात वळवता येत नाही. तोवर विनंती करून मुदत वाढवून किंवा नवीन कार्डही मागता येतं. थोडक्यात, बुडत नाहीत, पण मागितल्याशिवाय मिळतही नाहीत. अर्ज ईमेलने करा: कार्डाचे शेवटचे चार आकडे, नोंदलेला मोबाईल, शिल्लक, रद्द केलेला चेक. पूर्ण १६ आकडे आणि सीव्हीव्ही कधीच लिहू नका.

कार्डवाल्यांनी तक्रार जास्तीत जास्त ३० दिवसांत सोडवायची असते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. फी नाही, वकील नको. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या दारात फाईल घेऊन उभं राहू नका. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करायची. माहितीला १४४४८ हा नंबर आहे. त्यांचं उत्तर आलेलं नसताना ३० दिवसांआधी गेलात तर तक्रार तपासलीही जाणार नाही, आणि आधी कार्डवाल्यांकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तरी तेच.

दुसरं दार अडलेल्या दाव्याचं. एसी बनवणारी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही, लोकपाल तिथे हात लावणार नाहीत. इथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथल्या तक्रारीत गोष्ट सांगू नका, पाच ओळी पुरे: बिल क्रमांक आणि तारीख, मॉडेल, योजनेचं नाव, दाव्याचा क्रमांक, नाकारण्याचं कारण आणि ते का चूक आहे. दुकानाचं पत्र जोडा. बऱ्याच कंपन्या हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारीला कस्टमर केअरपेक्षा लवकर उत्तर देतात.

नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. खटला तुम्ही राहता तिथे, म्हणजे नागपुरातच भरता येतो, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून दाखल होतं. विरुद्ध पक्षात कंपनी आणि दुकानदार दोघांनाही घ्या, नाहीतर सुनावणीत एकमेकांवर ढकलत बसतील.

पुराव्यात जाहिरातीचा फोटो लागेल. 'कॅशबॅक' मोठ्या अक्षरात आणि 'प्रीपेड कार्डाच्या रूपात' तळाशी ठिपक्याएवढं असेल तर तो मुद्दा वेगळा मांडा. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. मराठी जाहिरातीखाली इंग्रजी अटी असतील तर हे हमखास लिहा. दुकानाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जाहिरात असेल तर चॅट उडवू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (मोबाईल-संगणकातल्या पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

---

खामल्याचा_भाऊ

काहून एवढी डोकेफोड करून राहिले जी ३४२ रुपयांसाठी! कंपनीला तेच तर पाहिजे. अर्धे लोक फॉर्म भरत नाहीत, उरलेल्यांतले काही लिंक उघडत नाहीत, आणि ज्यांनी उघडली त्यांच्या कार्डावर चिल्लर पडून राहते. मी तर म्हणतो सोडून द्या आणि पुढच्या वेळी दुकानातच सांगा, कार्ड नको, भाव कमी कर.

---

काउंटरपलीकडून

खामलेभाऊ, भाव कमी करायचं खरं आहे, पण दुकानदाराच्या हातात ते ३,००० नसतात. कंपनी ते थेट ग्राहकाला देते, म्हणूनच तर योजना अशी काढते. दुकानदाराला दिले असते तर निम्मे त्याच्या गल्ल्यात राहिले असते, आणि छापील भावही खाली आला असता.

ग्राहकाला तोटा कुठे होतो ते बघा. ४०,००० चा एसी, बिलावर पूर्ण ४०,००० आणि त्यावर बसलेला पूर्ण १८ टक्के जीएसटी. कार्डाचे ३,००० नंतर आले तरी तो कर कमी होत नाही. तेच ३,००० बिलातच सूट म्हणून मिळाले असते तर करही तेवढा कमी बसला असता. म्हणून दुकानदार ३,००० ऐवजी जागेवर २,००० कमी करतो म्हणाला आणि स्टँड, जादा कॉपर पाइप त्यात टाकतो म्हणाला, तर मी तेच घ्या म्हणेन. फक्त ते बिलावर लिहून घ्या.

आणि बँकेचा ईएमआयवरचा कॅशबॅक यात मिसळू नका. तो कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जमा होतो, त्याला सिरियल नंबर लागत नाही, उशीर झाला तर बँकेलाच विचारायचं.

---

स्वाइप_मास्तर

३४२ सोडा म्हणणं सोपं आहे, पण नंदनवनकरांचे दुसऱ्या एसीचे ३,००० अजून यायचेत. ते आल्यावर तरी पहिल्याच दिवशी शिल्लक बघून, बाकीचे दुसरीकडून भरता येतात अशा ठिकाणी एका मोठ्या बिलात पूर्ण संपवा. ३,००० च्या वरचं काहीतरी घ्यायचंच असतं घरात.

त्या दुसऱ्या कार्डाच्या एसएमएसची वाट बघताना एक सावधगिरी. डीएनडी (जाहिरातीचे कॉल-एसएमएस अडवणारी सोय) पूर्ण चालू असेल तर जाहिरात वर्गातले एसएमएस येतच नाहीत, आणि काही कंपन्या कार्डाची लिंक त्याच वर्गातून पाठवतात. पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी 'पी' असेल तर तो जाहिरातीचा. दावा मंजूर दिसतो आणि एसएमएस नाही, तर ईमेलचा स्पॅम बघा आणि कंपनीला 'पुन्हा पाठवा' म्हणून लिहा.

याच काळात खोटे एसएमएसही येतात: 'तुमचा एसी कॅशबॅक अडकला आहे, इथे क्लिक करा.' खऱ्या कार्डाला पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, स्क्रीन शेअर करावी लागत नाही, की कुठलं अ‍ॅप लिंकवरून टाकावं लागत नाही. यातलं काही मागितलं की बंद करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

---

नंदनवनकर

कार्डाच्या तळाशी एका बिगर-बँक कंपनीचं नाव सापडलं, रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे. स्क्रीनशॉट घेतला. दुकानदार पत्र द्यायला तयार आहे, पण तो म्हणतो आउटडोअरचेही नंबर द्या, आणि आमची आउटडोअर युनिटं तिसऱ्या मजल्याच्या बाहेर भिंतीला लटकलेली आहेत. स्टिकर दिसत नाही.

---

काउंटरपलीकडून

खिडकीबाहेर लटकू नका. खोकी टाकली नसतील तर खोक्यावर तोच बारकोड असतो. टाकली असतील तर बसवणाऱ्याने जॉब बंद करताना कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही नंबर टाकलेले असतात. कस्टमर केअरला इन्स्टॉलेशनचा रिपोर्ट ईमेलवर मागा. रिपोर्टातली इनडोअर-आउटडोअरची जोडी आणि दुकानाच्या पत्रातली जोडी एकच आहे ना, हे पाठवण्याआधी बघून घ्या.